मायटर सॉवर छोटा तुकडा कापताना उडाला, नेमकं काय चुकलं?

बाळकुमकर

नमस्कार मंडळी, जरा घाबरूनच लिहितोय. ठाण्यात बाळकुमला राहतो, दोन वर्षांपासून सुतारकामाचा नाद लागलाय, आधी सगळं हातकरवत आणि लाकडी मायटर बॉक्सवर केलं, चपलांचं रॅक, आईच्या कुंड्यांसाठी स्टँड असं. दोन महिन्यांपूर्वी १० इंची मायटर सॉ, म्हणजे सरळ किंवा कोनात आडवं कापायची विजेवरची गोल करवत, घेतली, साधी वरून खाली येणारी, स्लायडिंगवाली नाही.

गेल्या रविवारी घरच्या देव्हाऱ्याचा कठडा करायला बसलो. १ बाय १ ची पाइनची रीप, तिच्यातून २-२ इंचाचे १६ तुकडे हवे होते, सगळे अगदी एका मापाचे. म्हणून उजव्या बाजूला ब्लेडपासून २ इंचावर फेन्सला (लाकूड टेकवायची मागची उभी पट्टी) एक लाकडी गुटका क्लॅम्प करून ठेवला, म्हणजे रीप सरकवायची, गुटक्याला टेकवायची, कापायची, दर वेळी टेप काढायला नको. रीप ७ फुटी होती म्हणून दुसरं टोक बाबांनी धरलं होतं. मशीन ड्राय बाल्कनीत जमिनीवरच एका फळीवर ठेवलेलं आणि मी पाटावर बसलेलो, आपल्याकडे मिस्त्री लोक बसतात तसा.

पाच तुकडे मस्त निघाले. सहावा कापून झाला, हँडल वर घ्यायला लागलो, ब्लेड अजून फिरत होतं, आणि फाट्कन आवाज झाला. तुकडा जागेवर नव्हताच. वॉशिंग मशीनच्या मागे सापडला आणि जाता जाता खिडकीच्या काचेला चीर पाडून गेला. त्याचा एक कोपरा कुरतडल्यासारखा झालाय आणि अंगावर दातांचे दोन तिरके घाव आहेत. रीपेला पण असा हिसका बसला की बाबांच्या हातातून सुटली. माझा डावा हात ब्लेडपासून फार तर चार इंचावर होता.

कुणाला लागलं नाही. पण बाबा संध्याकाळपर्यंत तळहात चोळत बसले होते, काही बोलले नाहीत, तेच मला जास्त लागलं. तेव्हापासून मशीनचा प्लग काढून वर चादर टाकलीये.

विचारायचं हे की तुकडा उडाला का? पाच नीट निघाले मग सहाव्यालाच का? असे छोटे तुकडे या मशीनवर कापायचेच नाहीत का, की काही पद्धत आहे? हातमोजे घालू का? आणि आमच्या बिल्डिंगमध्ये काम करणारा एक मिस्त्री म्हणाला की तो ब्लेड झाकणारा प्लास्टिकचा गार्ड तारेने वर बांधून टाका, रेघ दिसत नाही म्हणून चुका होतात. ते खरं आहे का?

रबाळे_पॅटर्नशॉप

दादा, आधी बरं झालं सगळे धड आहात. मी रबाळे एमआयडीसीत फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करण्याच्या कामात २२ वर्षं काढली, आता घरीच थोडंफार करतो. तुमचं वाचून लगेच लिहायला बसलो कारण ही चूक मी नव्या पोरांना दर वर्षी करताना बघितलीये, आणि ती चूक गुटक्याची आहे.

ब्लेड फिरतं कसं ते आधी बघा. तुमच्या बाजूचे दाते वरून खाली येतात, तळाला ते मागे फेन्सकडे जातात आणि फेन्सच्या मागून परत वर चढतात. म्हणजे कापताना ब्लेड लाकडाला टेबलावर आणि फेन्सवर दाबून धरतं, ती चांगली गोष्ट आहे, म्हणून हे मशीन बऱ्यापैकी शहाणं आहे. पण मागचे दाते वर चढत असतात हे विसरायचं नाही. सुटा झालेला तुकडा त्यांच्या तावडीत सापडला की तो वर आणि मागे भिरकावला जातो. १० इंची ब्लेड मिनिटाला साधारण ५००० फेरे घेतं, हिशेब केलात तर दात्याचा वेग ताशी २४० किलोमीटरच्या घरात जातो. काचेला चीर पडली त्यात नवल नाही.

आता गुटका. तुकडा कापून सुटला की त्याच्या एका बाजूला फिरतं ब्लेड आणि दुसऱ्या बाजूला पक्का गुटका. जागा बरोब्बर २ इंच. तुमचा तुकडा २ बाय १, त्याचा कर्ण मोजा, जवळजवळ सव्वादोन इंच भरतो. तुकडा सरळ आहे तोवर ठीक, पण हँडल वर घेताना ब्लेड जरा हललं, तुकडा केसभर तिरका झाला की तो त्या जागेत मावतच नाही, पाचरीसारखा अडकतो आणि दाता त्याला उचलतो. पहिले पाच तिरके झाले नाहीत, सहावा झाला, एवढाच फरक. तुमच्या तुकड्यावरचे तिरके घाव तेच सांगतायत.

म्हणून नियम असा धरा की सुटा होणारा तुकडा कधीही कोंडायचा नाही. त्याला पळायला मोकळी जागा पाहिजे.

एका मापाचे तुकडे हवेत तर ही युक्ती करा. गुटका ब्लेडपासून २ इंचावर न लावता ३ इंचावर लावा. बरोबर १ इंच जाडीचा दुसरा सुटा ठोकळा घ्या, तो गुटका आणि रीप यांच्या मध्ये ठेवून माप घ्या, रीप क्लॅम्पने पक्की करा, आणि मग तो ठोकळा काढून बाजूला ठेवा. आता कापा. माप तेच मिळतं आणि कापलेल्या तुकड्याच्या पुढे १ इंच मोकळा राहतो.

दुसरं म्हणजे फेन्सच्या मधोमध ब्लेडसाठी जी मोठी फट असते तिच्यात छोटे तुकडे मागे घुसतात. फेन्सला पाठीमागून स्क्रू मारायला भोकं असतात, त्यांतून १२ एमएम प्लायची एक सरळ पट्टी पुढून लावून घ्या. स्क्रू ब्लेडच्या वाटेत येत नाहीत ना ते बघा, गार्ड मोकळा खाली-वर होतो ना ते पण प्लग काढून हलवून बघा, आणि मग एक कट मारा. पट्टीला ब्लेडएवढीच चीर पडते. छोट्या तुकड्याला मागून पूर्ण टेका मिळतो आणि मागच्या कडेला लाकूड फाटत पण नाही. ती चीर हीच तुमची खरी कापाची जागा, रेघ तिच्याशी जुळवायची.

आणि तिसरी गोष्ट, सगळ्यांत महत्त्वाची. कट पूर्ण झाला की हँडल खालीच धरायचं, बटण सोडायचं, ब्लेड पूर्ण थांबू द्यायचं, मगच वर घ्यायचं. तुम्ही फिरतं ब्लेड वर घेतलंत म्हणून ते कापलेल्या तुकड्याजवळून दुसऱ्यांदा गेलं. ब्रेकवाल्या मशीनचं ब्लेड पटकन थांबतं, बिनब्रेकचं बराच वेळ फिरत राहतं आणि तेवढा वेळ थांबायचा कंटाळा येतो. आमच्याकडे मी पोरांना मोठ्याने आकडे मोजायला लावायचो. हँडल वर उचलायची घाई हेच बहुतेक वेळा निमित्त असतं.

बाबांनी टोक धरणं बंद करा. दुसऱ्या माणसाने धरलेलं लाकूड नकळत उचललं जातं, खाली दाबलं जातं, ओढलं जातं, आणि काप मिटला की ब्लेड चिमटतं. लांब रीपेला मशीनच्या टेबलाच्या उंचीचा लाकडी टेकू करा, स्टुलावर फळ्या रचल्या तरी चालेल, फक्त उंची बरोबर टेबलाएवढी आणि लेव्हलमध्ये यायला हवी.

सुताराची_लेक

गार्डबद्दल मी सांगते, कारण माझ्या घरातलं आहे.

माझे वडील कोपरीत सुतारकाम करायचे. त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर नाही. मायटर सॉ नव्हती तेव्हा त्यांच्याकडे, मार्बल कटरला लाकडाचं ४ इंची ब्लेड लावून प्लाय कापायचे, आणि गार्ड काढून ठेवलेला, कारण तेच, रेघ दिसत नाही. एका संध्याकाळी फळीतली गाठ लागली, कटर हातात उलटा उसळला. मी तेव्हा सातवीत होते, ते घरी आले तेव्हा हाताला टॉवेल गुंडाळलेला होता आणि टॉवेलचा रंग अजून डोळ्यांसमोर आहे. त्यानंतर पटाशी धरायची पद्धत त्यांना नव्याने शिकावी लागली, पन्नाशीत.

त्यामुळे बाळकुमकर दादा, तो गार्ड बांधायचा नाही. अजिबात नाही. हँडल खाली नेलं की तो आपोआप वर सरकतो आणि वर आणलं की परत दाते झाकतो, त्याचं काम तुम्ही हँडल वर घेतल्यावर सुरू होतं, जेव्हा तुमचं लक्ष कापलेल्या तुकड्याकडे असतं आणि हात पुढे जातो.

रेघ न दिसण्याचं कारण बहुतेक वेळा गार्ड धुळीने पांढरा झालेला असतो हे असतं. प्लग काढा, ओल्या फडक्याला थोडा साबण लावून पुसा. थिनरने पुसू नका, ते पारदर्शक प्लास्टिक थिनरने तडकतं आणि कायमचं दुधाळ होतं. आणि रेघ जुळवायची तर बटण न दाबता हँडल खाली आणा, दात्याची कड रेघेला टेकवून बघा, लाकूड तसं सरकवा, क्लॅम्प करा, हँडल वर घ्या, मग मशीन चालू करा आणि ब्लेड पूर्ण वेगात आलं की सावकाश खाली आणा. रेघ बघायला एवढं पुरतं.

आता बसून कापण्याबद्दल. आपले सुतार जमिनीवर बसून कामं करतात, पायाच्या अंगठ्याने लाकूड धरतात, रंधा मारताना दोन्ही पावलांचा शिकंजा करतात, वडिलांना मी तसंच बघितलंय आणि ती कला आहे हो, पण ती हातकरवतीसाठी आहे. मायटर सॉसमोर बसलात की तोंड ब्लेडच्या उंचीला येतं, मांडी घातलेली म्हणून मागे सरकता येत नाही, आणि खाली दाबायला तोल पुढे टाकावा लागतो. कमरेएवढ्या उंचीवर टेबल करा, मशीन त्याला बोल्टने आवळा. नुसतं ठेवलं तर हँडल झटक्यात वर आलं की अख्खं मशीन मागे कलंडू शकतं. आणि उभं राहताना ब्लेडच्या रेषेत उभं राहू नका, किंचित बाजूला.

घणसोली_इंटिरिअर

मी साइटवर कामं घेतो, १५ वर्षं झाली, फ्लॅटचं फर्निचर. ताईंचं वाचून वाईट वाटलं, पण साइटवरची खरी गोष्ट पण मांडतो. आमच्याकडे दिवसाला बिडिंग पट्टीचे (फर्निचरच्या कडेला लावायची बारीक पट्टी) दीडदोनशे कट असतात. प्रत्येक कटाला क्लॅम्प लावायचा म्हटलं तर काम दुप्पट दिवस चालेल, आणि सोसायटीवाले १० ते ६ च काम करू देतात, त्यात पण दुपारी २ ते ४ मशीन बंद. कारागीर रोजावर नाही, फुटावर पैसे घेतो. तो क्लॅम्प लावणार नाही. लांब पट्टी हाताने धरून कापायला काही हरकत नाही असं माझं मत आहे.

गार्ड मात्र मी पण काढू देत नाही. एका साइटवर स्प्रिंग तुटली म्हणून पोराने गार्ड सेलोटेपने वर चिकटवला होता, मी त्या दिवशी मशीनच उचलून घरी आणलं.

रबाळे_पॅटर्नशॉप

घणसोलीवाले भाऊ, लांब पट्टी हाताने धरायला माझीही ना नाही, फक्त अटी आहेत. हात ब्लेडपासून निदान ६ इंच, म्हणजे १५० एमएम लांब. बऱ्याच मशीनच्या टेबलावर लाल रंगात तेवढा भाग आखलेलाच असतो, नसेल तर मार्करने आखून घ्या. त्या रेघेच्या आत हात येतोय इतका तुकडा छोटा असेल तर क्लॅम्प, मग वेळ कितीही लागो. आणि एका हातावरून दुसरा हात ओलांडायचा नाही, म्हणजे उजव्या हाताने हँडल आणि डावा हात उजव्या बाजूचं लाकूड धरतोय असं कधीच नको. हे पट्टीवाल्या पोरांकडून सर्रास होतं कारण डावा कोन कापून झाला की उजवा कोन कापायला ते पट्टी न फिरवता हात फिरवतात.

ब्लेड कलवून ४५ अंशांचा तिरका कट असेल तेव्हा अजून एक. ब्लेडचं डोकं डावीकडे कलतं, म्हणजे ते तुमच्या डाव्या हाताच्या दिशेनेच येतं. सरळ कटाला जिथे हात ठेवता तिथेच ठेवलात तर तो जवळ येतो. कोन बदलला की प्लग काढून एकदा पूर्ण खाली-वर करून बघायचं, ब्लेड क्लॅम्पला लागतंय का, फेन्सला लागतंय का, हात कुठे राहतोय.

आणि वाकडी रीप. आपल्या दमट हवेत पाइन केळ्यासारखं वाकतं. वाकलेली रीप फेन्सला लावताना तिची फुगलेली बाजू फेन्सकडे ठेवायची, म्हणजे जिथे कापताय तिथे ती फेन्सला टेकलेली असते. उलटी लावलीत तर मध्ये पोकळी राहते, काप पूर्ण होता होता दोन्ही बाजू ब्लेडवर मिटतात आणि मशीन ओरडायला लागतं. गोल काठी, बांबू असलं काही असेल तर खाली व्ही आकाराची खाच पाडलेली फळी घेऊन त्यातच धरा, गोल वस्तू ब्लेडखाली गरकन फिरते.

सुताराची_लेक

घणसोलीवाले दादा, फुटावर पैसे देताना क्लॅम्पचा वेळ पण दरात धरा ना. तुम्ही मशीन उचलून घरी आणलंत म्हणजे तुम्हाला काळजी आहे हे दिसतंच, म्हणून म्हणतेय. वडिलांना पण फुटावरच मिळायचे. बोट गेल्यावर चार महिने काही मिळालं नाही.

घणसोली_इंटिरिअर

ताई, बरोबर आहे तुमचं. छोट्या तुकड्यांचा दर वेगळा लावून बघतो. पटकन आवळायचे टॉगल क्लॅम्प मिळतात, ते टेबलाला फिक्स केले तर वेळ पण कमी जाईल.

नेरुळ_टेरेस

मी पण हौशी, नेरुळला सोसायटीच्या परवानगीने टेरेसवरच्या खोलीत करतो. वरचे लोक मुद्द्याचं बोललेच आहेत, मी आजूबाजूच्या गोष्टी सांगतो ज्या मी उशिरा शिकलो.

बाळकुमकर, पाइन कुठून आणलंत? आपल्या भागात न्हावा शेवाला आलेल्या मालाच्या पेट्या नि पॅलेट मोडून ते लाकूड विकतात, स्वस्त पडतं म्हणून आपण सगळेच घेतो. त्यावर शिक्का बघा. एचटी म्हणजे लाकूड तापवून कीडमुक्त केलेलं, गाभ्यापर्यंत ५६ अंशाला अर्धा तास. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते घरात वापरायला मी तरी घेत नाही, देव्हाऱ्याला तर नाहीच. आणि खिळे. पॅलेटच्या खिळ्यांची डोकी तुटून आत राहतात, वरून दिसत पण नाहीत. मी स्पीकरचं जुनं लोहचुंबक सगळ्या बाजूंनी फिरवतो मगच कापतो. एकदा ते न करता कापलं आणि ब्लेडचा कार्बाइडचा दाता निघून समोरच्या पत्र्यावर टण्णकन आपटला. डोळ्यांवर गॉगल होता म्हणून हे लिहितोय. नेहमीचा चष्मा चालत नाही, बाजूने झाकलेला सेफ्टी गॉगल घ्या, महाग नसतो.

ब्लेड. मशीनसोबत येतं ते बहुतेक २४ किंवा ४० दात्यांचं असतं, भरभर कापतं पण कड ओरबाडतं. कठड्यासारख्या कामाला ६० दाते घ्या. घेताना दुकानदाराला नुसतं १० इंची द्या म्हणू नका, मायटर सॉसाठी हवंय असं सांगा, कारण टेबल सॉच्या ब्लेडचे दाते जास्त पुढे झुकलेले असतात आणि ते लाकडाला ओढून घेतं, मायटर सॉला दाते कमी झुकलेले किंवा उलटे किंचित मागे झुकलेले बरे. ब्लेडवर छापलेला कमाल आरपीएम (मिनिटाचे फेरे) मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्तच पाहिजे, आणि मधलं भोक तुमच्या मशीनच्या मापाचंच पाहिजे, भलत्या मापाचं घेऊन वॉशर कोंबून बसवू नका. सागवानात सिलिका असते, त्याने ब्लेड लवकर बोथट होतं, आणि बोथट ब्लेडला आपण जोर लावतो, तिथून पुढे सगळं बिघडतं. कापताना जळका वास किंवा काळी कड आली की ब्लेड धार लावायला द्या.

ते लोखंड कापायचं १४ इंची कटऑफ मशीन असतं ना फॅब्रिकेशनवाल्यांकडे, त्याला लाकडाचं ब्लेड लावून देतो असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. दिसायला सारखं, पण त्याची फेन्स, गार्ड, टेबल काहीच लाकडासाठी नसतं.

लाइट. हे मशीन १६५० ते १८०० वॉटचं, म्हणजे २३० व्होल्टला ७ ते ८ अँपिअर, चालू होताना अजून जास्त. ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर लावू नका, वॉशिंग मशीनचा १६ अँपिअरचा पॉइंट असेल बाल्कनीत, तो वापरा. एक्स्टेन्शन लागलं तर २.५ चौरस एमएमची तांब्याची वायर आणि गुंडाळी पूर्ण सोडून, गुंडाळलेली वायर तापते. पावसाळ्यात ड्राय बाल्कनी नावालाच ड्राय असते, तिथे ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या.

हातमोजे नको. फिरत्या दात्याला कापडाचा धागा लागला की तो मोजा हातासकट ओढतो. तेच लांब बाह्या, ओढणी, अंगठी, कडं, मनगटावरचा लाल धागा. मी कापायला बसण्याआधी पूजेचा धागा काढून देवापुढे ठेवतो, काम झालं की परत बांधतो. ब्लेड बदलताना मात्र, प्लग काढलेला असताना, मोजे घालायला हरकत नाही, दाते धारदार असतात. आणि बदलताना लक्षात ठेवा की बऱ्याच मशीनचा तो मधला बोल्ट उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. मी पहिल्यांदा उलटाच आवळत बसलो होतो, शेवटी मॅन्युअल उघडलं.

भुसा हलक्यात घेऊ नका. लाकडाची धूळ कर्करोगकारक आहे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच पहिल्या गटात टाकलंय. मशीनची ती कापडी पिशवी थोडाच भुसा धरते, बारीक धूळ हवेतच राहते. एन९५ लावा, रुमाल बांधून उपयोग नाही. कानाला पण मफ लावा, हे मशीन १०० डेसिबलच्या आसपास ओरडतं आणि बाल्कनीच्या तीन भिंतींत ते अजून घुमतं.

बाळकुमकर

काय बोलू, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. कर्णाचा हिशेब वाचला आणि तो कुरतडलेला तुकडा परत हातात घेऊन टेप लावला, खरंच सव्वादोनला केसभरच कमी भरला. बाबांना पण वाचून दाखवलं.

पाइन पॅलेटचंच आहे, शिक्का शोधला, एचटी आहे. चुंबक फिरवलं तर एका रीपेत खिळ्याचं टोक सापडलं.

एक राहिलं. समजा काही झालंच, घरात बाबा ६८ चे आणि आई, तर त्यांनी काय करायचं? हे विचारायला पण बरं वाटत नाहीये, पण विचारतो.

कळवा_नाइटशिफ्ट

विचारलंत ते फार चांगलं केलंत. मी नर्स आहे, कॅज्युअल्टीत ९ वर्षं झाली, करवतीचे हात दर महिन्याला बघते. आईबाबांना बसवून हे एकदा सांगून ठेवा.

पहिलं मशीनचा प्लग काढायचा. मग जखमेवर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबायचं आणि हात छातीच्या वर उचलून धरायचा. दाब सोडून सारखं सारखं उघडून बघायचं नाही, कापड भिजलं तर त्याच्यावरच दुसरं. हळद, कॉफी पावडर, टूथपेस्ट यातलं काहीही भरायचं नाही. आपल्याकडे मायेने हळद भरतात, मग इथे आल्यावर ती जखमेतून धुवून काढायलाच आमचा वेळ जातो आणि पेशंटला त्याच्या वेदना वेगळ्या. त्या हातातली अंगठी लगेच काढायची, सूज आली की निघत नाही.

१०८ ला फोन.

बोट किंवा बोटाचा भाग सुटा झाला तर तो शोधून बरोबर आणायचाच. स्वच्छ गॉज किंवा सुती कापड पाण्याने ओलं करून पिळायचं, त्यात गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. थेट बर्फावर नाही, थेट पाण्यात पण नाही. लोक कुल्फीसारखं बर्फात पुरून आणतात आणि त्वचा बर्फाने जळलेली असते, मग जोडता येण्यासारखं बोट पण जात नाही जोडलं. निघतानाच फोन करून विचारायचं की हाताची सर्जरी करणारे प्लास्टिक सर्जन आत्ता आहेत का, कारण एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरण्यात, आणि त्यात घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये, वेळ जातो. पेशंटला चहा-पाणी काही द्यायचं नाही, भूल द्यावी लागू शकते.

आणि एकटे असताना मशीन चालवू नका. कुणीतरी घरात हवं, फक्त लाकूड धरायला नको, हाक ऐकायला हवं.

बाळकुमकर

तीन आठवड्यांनी परत लिहितोय, कुणी हाच प्रश्न घेऊन आलं तर उपयोग होईल म्हणून.

जुन्या कॉम्प्युटर टेबलाचे पाय कापून... नाही, पाय वाढवून कमरेएवढं केलं, मशीन चार बोल्टने आवळलं. दोन्ही बाजूंना टेकू केले, बाबांनीच लेव्हल लावली, पाण्याच्या नळीने, ते जुन्या काळी लावायचे तशी. फेन्सला १२ एमएमची प्लाय पट्टी लावली, लाल मार्करने ६ इंचाच्या रेघा मारल्या. १०८ चा नंबर आणि नर्स ताईंनी सांगितलेलं आईने स्वतःच्या अक्षरात लिहून फ्रीजवर चिकटवलंय.

उरलेले ११ तुकडे काल कापले. गुटका ३ इंचावर, १ इंचाचा ठोकळा लावून माप, क्लॅम्प, ठोकळा काढला, कट, हँडल खालीच, बटण सोडलं. माझ्या मशीनला ब्रेक नाही, ब्लेड थांबायला मोठ्याने १२ आकडे मोजावे लागले, प्रत्येक वेळी. तुकडा आहे तिथेच पडून राहतो, फक्त किंचित उजवीकडे सरकतो, त्या मोकळ्या जागेत. अकरा तुकड्यांना पाऊण तास लागला. दारात खुर्ची टाकून बाबा बसले होते आणि सातव्या तुकड्यापासून आकडे तेच मोजत होते.

काचवाला शनिवारी येतो म्हणालाय. कठड्याला १५० नंबरचा सँडपेपर बाबांनी मारायला घेतलाय.